चार आणे हाली

सेलूच्या स्टँडवर एकतीस वर्षं
मी गाड्या सोडल्या.
पाथरी, माजलगाव, बीड,
फलाट क्रमांक दोन.
रिटायर झालो तरी दुपारच्या झोपेत
तोंड आपोआप पुकारायचं
आणि बायको म्हणायची,
गेली हो ती गाडी, निजा आता.

निजून निजून किती निजावं माणसानं.

माळ्यावर वडिलांचे कागद होते,
लाल फडक्यात बांधलेले, उर्दूतले,
निजामाच्या वेळचे.
त्यात जमीन आहे
अशी घरात सगळ्यांना खात्री.
त्या फडक्याकडं बघत बघत
आमची भावकी म्हातारी झाली,
गाठ मात्र कुणी सोडली नाही.

म्हणून एकोणसत्तराव्या वर्षी
पाटी घेऊन मी बिल्किस आपांच्या ओसरीवर बसलो.
शेजारी तिसरीतली जोया.
तिचा नंबर माझ्या वरचा.

अलिफ. बे. पे.
जन्मभर अक्षरं वरच्या रेघेला लोंबकळताना पाहिलेली,
दोरीवरच्या धुण्यासारखी.
इथं ती रेघेवर बसतात, पाय पसरून,
आणि निघतात उजवीकडून.
एक दिवस ‘बात’ लिहायला गेलो,
ठिपका खालचा वर पडला,
‘नात’ झाली.
जोया पोट धरून हसली.
आपा हसल्या नाहीत. शहात्तरच्या आहेत,
शाळेतून सुटून अठरा वर्षं झाली,
छडी अजून सुटली नाही.
‘डोईफोडे, नुक्ता देखो! नीचे!’

दाल, रे, वाव
मागच्याचा हात धरतात,
पुढच्याला देत नाहीत.
‘मेरे दामाद सरीके,’ आपा म्हणाल्या,
आणि पाटी पुसायला लावली.

संक्रांतीला सुरू केलेलं,
चैत्रात पहिला कागद उघडला.
अक्षरं एकमेकांवर पडलेली, घाईनं ओढलेली.
‘ये शिकस्ता लिखाई है. शिकस्ता मतलब टूटा हुआ.’
म्हटलं, आपा, मग आमचे गुडघे पण शिकस्ताच.
‘हौ. मगर चलते ना?’

नऊ दिवस लागले सात ओळींना.
भिंग माझं, चष्मा त्यांचा.
मोतीबिंदू काढलेला त्यांचा डावा डोळा
आणि माझा बरा उजवा
मिळून एक माणूस वाचत होता.

जमीन नव्हती.

सन तेराशे पंचावन्न फसली,
रात्रीच्या वेळी, दिवा न लावता
सायकल चालवली म्हणून
चार आणे हाली दंड.
खाली बापाचा अंगठा.

भावाला फोन केला.
‘अन् गट नंबर?’ तो म्हणाला.
नाही म्हटल्यावर त्यानं ठेवून दिला.

मी मात्र कितीतरी वेळ तसाच बसून.
माझ्या बापाला मी सायकलवर कधी पाहिलं नाही.
मला आठवतो तो खोकणारा,
कोपऱ्यात तंबाखू मळणारा.
हा विशीतला पोरगा कोण,
अंधारात, दिव्याविना,
कुणाकडं निघाला होता एवढ्या जोरात?

आपा कागदावर हात ठेवून म्हणाल्या,
‘मैं कब्बी नै चलायी.’
मला वाटलं, कागदाबद्दल काही म्हणतील.
‘सायकल. अब्बा नक्को बोले थे.’

जोयाच्या बहिणीची सायकल,
स्टँडमागचं पटांगण,
दिवेलागणीची वेळ, कुणी बघायला नको म्हणून.
आपांनी पदर खोचला.
मी कॅरिअर धरलं.
एक पायडल. शिव्या. दोन पायडल.
पुढं जोया उलटी पळतेय,
‘नानीजान, आगे देखो, आगे!’
आणि माझ्या तोंडातून आपोआप, मोठ्यानं,
पाथरी, माजलगाव, बीड!

मी केव्हा सोडलं, मला कळलं नाही.
आपा पडल्या नाहीत.
मी पडलो.
कोपर सोललं, धोतराला माती,
बाभळीपाशी पोचून त्या ओरडल्या,
‘डोईफोडे! दिवा नहीं है इसको!’

फडक्यात अजून अकरा कागद आहेत.